लोहमार्गांचा डाव

बुद्धिबळाच्या पटावर राजे, वजीर, हत्ती आणि घोडे शतकानुशतके लढत आले आहेत. राज्य कसे राखावे, शत्रूची कोंडी कशी करावी आणि मोठ्या लाभासाठी प्याद्याचा बळी केव्हा द्यावा, हे त्या पटाने कित्येक पिढ्यांस घरबसल्या शिकविले. एकोणिसाव्या शतकात मात्र जगातील सत्तेचे केंद्र रणांगणावरून हलून पेढीवर आणि कारखान्यात जाऊ लागले. तलवारीने जिंकलेल्या मुलखापेक्षा रुळांनी जोडलेला मुलूख अधिक उत्पन्न देतो, हे नव्या धनिकांनी ओळखले. या नव्या साम्राज्याचाही डाव केव्हातरी मांडला जावयाचाच होता. तो मांडला गेला तेव्हा त्याने इतिहासातील पुष्कळ खरे सांगितले. परंतु एक फार महत्त्वाची गोष्ट सांगावयाची ठेवली.

मे महिन्याच्या सुटीत घरोघरी मांडला जाणारा ‘व्यापार’ हा पट सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या घराण्याचे मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली एका पटाचे पेटंट मिळविले. जमिनीच्या भाड्यावर जगणारा मालक कसा गबर होतो आणि बाकीचे सारे कसे नागविले जातात, हे लोकांच्या डोळ्यांसमोर यावे, असा त्या बाईंचा हेतू होता. त्या पटावरून निघालेला ‘मोनॉपॉली’ हा खेळ १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने बाजारात आणला, आणि लोकांनी त्यातून घेतलेला धडा नेमका उलटा निघाला. भाडे वसूल करण्याची गोडी लहानथोरांस लागली. भाड्याविषयी तिटकारा कोणास उत्पन्न झाला नाही. खेळाचा स्वभावच असा आहे. खेळणाऱ्यास तो ज्या खुर्चीवर बसवितो, त्या खुर्चीचे गुणावगुण हळूहळू त्याच्या अंगी येतात. रचणाऱ्याचा उपदेश बहुधा बाजूस राहतो.

लोहमार्गांच्या मालकाची खुर्ची खेळणाऱ्यास देणारा प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘रेलरोड टायकून’. अमेरिकेतील मायक्रोप्रोज या कंपनीने तो १९९० साली संगणकासाठी प्रसिद्ध केला. त्याच्या नावातील ‘टायकून’ या शब्दाची कथाही मनोरंजक आहे. हा शब्द मूळचा जपानी. जपानचा शोगुन परदेशीयांशी व्यवहार करताना ‘थोर अधिपती’ या अर्थाची ही पदवी लावीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकनांनी ती उचलली. अध्यक्ष लिंकन यांचे चिटणीस आपसांत त्यांस कौतुकाने ‘टायकून’ म्हणत. पुढे हीच पदवी कोळसा, पोलाद, तेल आणि रेल्वे यांच्या धन्यांस चिकटली. राजाची पदवी कारखानदाराकडे गेली, यातच त्या शतकाचा अर्धा इतिहास आला.

खेळाचे मुख्य रचनाकार सिड मायर. १९८२ साली बिल स्टीली या माजी वैमानिकाबरोबर त्यांनी मायक्रोप्रोज कंपनी काढली. साहजिकच कंपनीचे आरंभीचे नाव झाले ते लढाऊ विमाने आणि पाणबुड्या यांच्या खेळांमुळे. मायर यांचे सहकारी ब्रूस शेली हे पटावरील खेळांच्या धंद्यातून आलेले. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ट्रेशम यांनी १९७४ साली ‘१८२९’ या नावाचा पट प्रसिद्ध केला होता. त्यात खेळणारे ब्रिटिश रेल्वे कंपन्यांचे शेअर घेत, विकत व मार्ग वाढवीत. त्याच पद्धतीचा अमेरिकन पट ‘१८३०’ हा १९८६ साली निघाला, आणि त्याच्या सिद्धतेत शेली यांचा हात होता. १९८९ साली विल राइट यांच्या ‘सिमसिटी’ने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नगर बसविण्याचा खेळ नगर उद्ध्वस्त करण्याच्या खेळाइतकाच मनास गुंतवून ठेवू शकतो. मायर यांचा पहिला विचार खेळण्यातील आगगाडीसारखे काही करण्याचा होता. त्यास शेअरबाजार, प्रतिस्पर्धी आणि जमाखर्च यांची जोड मिळाली, आणि खेळण्यातील गाडीचे साम्राज्य झाले.

डाव मांडतेवेळी चार नकाशांतून एक निवडावयाचा असतो. १८२८ सालचे इंग्लंड, १८३० सालची पूर्व अमेरिका, १८६६ सालची पश्चिम अमेरिका किंवा १९०० सालचा युरोप. खेळणाऱ्याच्या हाती दहा लाख डॉलर भांडवल येते. त्यातील निम्मे शेअर विकून उभारलेले असते आणि निम्मे कर्जरोख्यांचे असते. म्हणजे पहिला रूळ पडण्यापूर्वीच डोक्यावर कर्ज आणि मागे भागीदार. पुढे जास्तीत जास्त शंभर वर्षे राज्य करावयाचे असते. दर दोन वर्षांनी हिशेबाची वही उघडते व नफातोटा समोर मांडला जातो.

आरंभी मार्ग लहान असतो. दोन शहरे, मध्ये एखादी नदी, आणि १८३० च्या नकाशावर ‘ग्रासहॉपर’ नावाचे, म्हणजे नाकतोड्याचे नाव मिरविणारे, ठेंगणे इंजिन. नदीवर लाकडी पूल बांधला तर पैसा वाचतो, परंतु पुरात तो वाहून जाण्याची भीती. दगडी पूल टिकतो, परंतु तो बांधावयास पैसा लागतो. डोंगरास वळसा घालावा, चढ स्वीकारावा की बोगदा खणावा, हा प्रश्न पावलोपावली येतो. चढावर गाडी मंदावते, आणि मंदावलेली गाडी तोट्याची, कारण टपाल व उतारू यांचे मोल वेळेवर ठरते. कोळशास तेवढी घाई नसते. कोळसा पोलादाच्या कारखान्यात न्यावा, तेथील पोलाद दुसऱ्या कारखान्यात न्यावे, तेथून निघालेला तयार माल शहरात विकावा. अशी साखळी जुळली म्हणजे एकाच मार्गावर तीन वेळा उत्पन्न होते. जेथे कारखाना नाही तेथे तो स्वतः उभारण्याचीही सोय आहे. रेल्वे ही नुसती वाहतूक नव्हती, तिने खाण, भट्टी व बाजारपेठ यांस एका दोरीत ओवले, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य येथे अर्ध्या तासात पटते.

परंतु खेळाची खरी गंमत नकाशावर नसून शेअरबाजारात आहे. नकाशावर प्रतिस्पर्धी असतात, आणि त्यांस व्हँडरबिल्ट, गूल्ड, मॉर्गन यांसारखी इतिहासातील खरी नावे दिलेली असतात. एका शहरात दोन कंपन्यांची स्टेशने झाली की दरयुद्ध पेटते. भाडे कोसळते आणि अखेरीस नगरसभा एका कंपनीस कौल देते. त्याहून सुटसुटीत मार्ग म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे शेअर गुपचूप खरेदी करीत जाणे. निम्म्याहून अधिक हाती आले की ती कंपनीच अंकित होते. हीच गोष्ट दुसऱ्यानेही करू नये म्हणून स्वतःचेही शेअर राखावे लागतात. बाजारात तेजी असते तेव्हा कर्ज स्वस्त मिळते. घबराट सुटली की कोणी कर्ज देत नाही. अगदीच निरुपाय झाला तर दिवाळे काढून कर्जाचा भार हलका करता येतो, परंतु मग पत राहत नाही.

येथे एक चमत्कारिक अनुभव खेळणाऱ्यास येतो. सुस्वभावी मनुष्यही दहा-वीस वर्षांचा डाव होताच गावांकडे गावे म्हणून पाहीनासा होतो. अमुक शहर अमुक इतके टपाल देते, एवढेच त्याचे मोल उरते. प्रतिस्पर्ध्याची अडचण ही त्यास संधी वाटू लागते. बाजारात घबराट पसरली की तो मनातून आनंदतो, कारण शेअर स्वस्त होतात. त्याला हे कोणी शिकविलेले नसते. खुर्चीने शिकविलेले असते.

आणि इतिहासात घडले ते याहून फार निराळे नव्हते. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट न्यूयॉर्कच्या खाडीत होडी चालविणारा मुलगा म्हणून धंद्यात शिरला आणि न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचा धनी झाला. शेजारची ईरी रेल्वे हाती आली तर त्या भागातील वाहतूक आपल्या मुठीत येईल, हे जाणून १८६८ साली त्याने तिचे शेअर सपाट्याने खरेदी करण्यास आरंभ केला. ईरीच्या कारभारात डॅनियल ड्र्यू, जे गूल्ड आणि जिम फिस्क हे तिघे होते. व्हँडरबिल्ट शेअर घेत गेला, आणि हे तिघे नवे शेअर छापून त्यास विकीत गेले. न्यायालयाने त्यांच्या अटकेचा हुकूम काढला तेव्हा रोकड आणि दप्तर घेऊन ते हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत पळाले, कारण तेथे न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा हुकूम चालत नव्हता. पुढे गूल्डने राज्याच्या विधिमंडळात पैसा पेरून त्या छापील शेअरांस कायदेशीर करणारा ठराव मंजूर करून घेतला. व्हँडरबिल्टला अखेर तडजोड करावी लागली. या माणसांस लुटारू सरदार म्हणण्याची अमेरिकेत रूढी पडली, आणि ती गैर नाही. परंतु खेळाच्या खुर्चीत बसलेल्यास कळते की हे लोक जन्मतः राक्षस नव्हते. ज्या डावात जिंकण्याचे एकच माप आहे, त्या डावात ते माप सोडून काहीही न पाहणारेच पुढे जातात.

घबराटीचेही तसेच. नॉर्दर्न पॅसिफिक या मार्गाचे रोखे विकण्याचा पत्कर जे कूक याच्या प्रतिष्ठित पेढीने घेतला होता. रोखे खपेनात, मार्ग मात्र पैसा खात चालला. १८ सप्टेंबर १८७३ रोजी ती पेढी बुडाली. न्यूयॉर्कचा शेअरबाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला, कित्येक रेल्वे कंपन्यांनी दिवाळे काढले, आणि मंदी कित्येक वर्षे हटली नाही. खेळात हे सारे एका ओळीच्या सूचनेने येते आणि दोन-चार वर्षांत ओसरते. प्रत्यक्षात त्या मंदीचा भार कोणावर पडला हे १८७७ साली दिसून आले. बॉल्टिमोर आणि ओहायो रेल्वेने मजुरी पुन्हा कापली, आणि पश्चिम व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे कामगारांनी गाड्या अडविल्या. संप शहरामागून शहरात पसरला, सैन्य बोलाविण्यात आले, आणि तो शमेपर्यंत सुमारे शंभर माणसे मेली.

खेळाची उणीव नेमकी येथे उघडी पडते. बुद्धिबळात प्यादे क्षुद्र असले तरी पटावर असते, त्यास स्वतःचे घर असते, आणि ते मेल्याचे दिसते. ‘रेलरोड टायकून’च्या नकाशावर पैसे मोजताच रूळ पडतात. ते टाकणारा कोणी दिसत नाही. बोगदा खणण्यास किती डॉलर लागतील तो आकडा पुढे येतो. किती माणसे लागतील तो येत नाही.

पश्चिम अमेरिकेचा नकाशा १८६६ सालापासून सुरू होतो, आणि नेमका त्याच साली सिएरा नेवाडाच्या बर्फात प्रत्यक्षातील लोहमार्ग अडकून पडला होता. कॅलिफोर्नियाकडून सेंट्रल पॅसिफिक आणि ओमाहाकडून युनियन पॅसिफिक, अशा दोन कंपन्या एकमेकींच्या रोखाने येत होत्या. त्यांत खेळातल्यासारखे स्वतःच्या जोखमीचे भांडवल थोडेच होते. १८६२ च्या कायद्याने सरकारने त्यांस जमिनी बहाल केल्या होत्या आणि शिवाय मैलामागे सपाटीवर १६,००० , अवघड पठारावर ३२,००० आणि डोंगरात ४८,००० डॉलरचे रोखे कर्जाऊ दिले होते. जितके मैल अधिक तितका पैसा अधिक! म्हणून भेटीची जागा ठरलेली नसताना दोन्ही कंपन्यांच्या टोळ्या एकमेकांस ओलांडून समांतर जमीन खणीत पुढे गेल्या. ज्या माळरानावरून युनियन पॅसिफिकचा मार्ग गेला ते माळरानही मोकळे नव्हते. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे ते घर होते. खेळाच्या नकाशावर तेथे केवळ रिकामी जमीन आहे.

सेंट्रल पॅसिफिकच्या कामावर हजारो चिनी मजूर होते. कामकऱ्यांचा फार मोठा भाग त्यांचाच होता. कठीण ग्रॅनाइटमध्ये त्यांनी हाताने सुरुंग खणले, हिवाळ्यात बर्फाखालील भुयारांत राहून काम केले, आणि हिमप्रपातांत कित्येक गाडले गेले. १८६७ च्या जूनमध्ये गोऱ्या मजुरांइतके वेतन आणि कमी तास मागून त्यांनी शांतपणे काम थांबविले. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने त्यांचे अन्नधान्य बंद केले, आणि आठवड्याभरात संप मोडला. कंपनीच्या वेतनपत्रकांत त्यांतील बहुतेकांची नावेसुद्धा नाहीत. टोळीच्या मुकादमाचे नाव असे, आणि बाकीचे आकड्यात गणले जात. खेळाने त्यांस वगळले खरे, परंतु खेळाच्या आधी खुद्द कंपनीच्या वहीने त्यांस वगळले होते. या दृष्टीने पाहता खेळ मालकाच्या वहीशी फारच प्रामाणिक राहिला, असेही म्हणता येईल.

मूळ खेळाच्या चार नकाशांत हिंदुस्थान नाही. तो असता तर खेळाचे नियमच बदलावे लागले असते. खेळात जोखीम भांडवल घालणाऱ्याची असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ साली केलेल्या करारात जमीन फुकट होती आणि भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी होती. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदी महसुलातून भरून निघावयाची. लंडनमधील भागीदारास तोट्याची भीती उरली नाही. ती येथील रयतेच्या माथी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी पाठ्यपुस्तकांत अजरामर झाली आहे. परंतु १८५६ पासून १८६३ पर्यंत भोरघाटात जे घडले त्याची आठवण पुणे-मुंबईच्या उतारूस क्वचितच होते. सुमारे १५ मैलांच्या त्या चढावर मार्ग १,८३१ फूट वर चढतो, आणि त्यासाठी २५ बोगदे खणावे लागले. १८६१ साली कामावर ४२,००० हून अधिक माणसे होती. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी हजारो मेली. त्यांची नावे कोठल्याही पाटीवर कोरलेली नाहीत.

‘रेलरोड टायकून’च्या यशाने या जातीच्या खेळांची एक परंपराच सुरू झाली. मायर आणि शेली यांनी पुढच्याच वर्षी, १९९१ साली, ‘सिव्हिलायझेशन’ रचून सबंध मानवजातीच्या इतिहासाचा डाव मांडला. १९९४ साली स्कॉटलंडच्या ख्रिस सॉयर यांनी ‘ट्रान्सपोर्ट टायकून’मध्ये रेल्वेबरोबर मोटारी, जहाजे आणि विमाने आणली. १९९५ साली हाँगकाँगच्या ट्रेव्हर चॅन यांनी ‘कॅपिटॅलिझम’ हा खेळ केला. त्यात शेतापासून दुकानाच्या फळीपर्यंत साऱ्या धंद्याचे जाळे खेळणाऱ्याच्या हाती येते. यंत्रे वेगवान झाली, चित्रे देखणी झाली. खुर्ची मात्र तीच राहिली.

मूळ खेळात कारकीर्द संपवून निवृत्त होताना खेळणाऱ्याच्या मिळकतीवरून त्यास एक दर्जा दिला जातो. तळाशी रस्त्यावरचा भटक्या, आणि शिखरावर राष्ट्राध्यक्ष. पैशाच्या मापाने माणसाची योग्यता ठरविणारी ही यादी विनोदाने केलेली आहे, परंतु तिच्यात त्या युगाचे मर्म आहे. खेळ तिजोरी मोजतो, कारण ते युग तिजोरीच मोजीत असे.

म्हणून या खेळास दोष देऊन तो मुलांच्या हातून काढून घेणे शहाणपणाचे नाही. व्याज म्हणजे काय, पत कशी जाते, एका पुलाच्या कंजूषीने सबंध मार्ग कसा बंद पडतो, हे तो उत्तम शिकवितो. त्याहूनही मोलाचे म्हणजे सत्तेच्या खुर्चीवरून माणसे कशी दिसेनाशी होतात, हे तो खेळणाऱ्यास स्वतःच्याच मनात दाखवितो. मात्र डाव संपल्यावर घरातील वडीलधाऱ्याने एवढे अवश्य विचारावे, की शंभर वर्षांत एवढे मैल रूळ पडले, ते टाकले कोणी? या प्रश्नाचे उत्तर खेळात नाही. ते शोधावयास इतिहासाचे पुस्तक उघडावे लागते, आणि पुष्कळदा तेथेही ते सहजासहजी सापडत नाही.

१० मे १८६९ रोजी युटातील प्रोमोंटरी येथे दोन्ही मार्ग जोडले गेले. सोन्याचा खिळा ठोकण्यात आला, आणि दोन इंजिने समोरासमोर उभी करून त्या प्रसंगाचे छायाचित्र घेण्यात आले. ते जगप्रसिद्ध आहे. त्यात माणसांची एवढी दाटी आहे, पण चिनी मजूर शोधूनही सापडणे कठीण. अमेरिकेच्या मजूर खात्याने आपल्या सन्मानदालनात त्या मजुरांस स्थान दिले ते २०१४ साली, म्हणजे त्या दिवसानंतर १४५ वर्षांनी. व्हँडरबिल्ट आणि गूल्ड यांस तोपर्यंत संगणकाच्या पडद्यावरही पुनर्जन्म मिळून चोवीस वर्षे झाली होती.